तुला काही नाहीये

आमच्याकडे सलाईनला बाटली म्हणतात. ‘काल एक बाटली लावली, आता बरं वाटायलंय’ हे वाक्य ऐकतच मी मोठा झालो. वसमत तालुक्यातलं हळदीचं गाव आमचं. दवाखाना गावात नाही, बाजाराच्या गावी आहे. तीन खाटा, भिंतीत ठोकलेले तीन खिळे, खिळ्यांना टांगलेल्या बाटल्या. तापाला बाटली, अशक्तपणाला बाटली. आणि जळजळ, आंबट ढेकर, पोट फुगणं, छातीत भरून येणं, दोन घासांत पोट गच्च होणं, या सगळ्याला मिळून आमच्याकडे जो एकच शब्द आहे, ‘गॅस’, त्यालाही बाटली.

आई तिथली नेहमीची पेशंट. महिन्या-दीड महिन्यातून एकदा तिला गॅस ‘धरायचा’. मग ती बरी साडी नेसून, शेजारच्या काकूंना सोबत घेऊन ऑटोने जायची. डॉक्टर डोळ्याची पापणी खाली ओढून बघायचे, पोट दाबून बघायचे, जेवण जातंय का, झोप लागते का, असं विचारायचे आणि बाटली लावायचे. बाटलीत जीवनसत्त्वाचं इंजेक्शन सोडलं की पाणी पिवळं होतं. पिवळी बाटली जास्त ताकदीची, अशी बायकांची खात्री. तासाभराने आई उठायची ती खरोखर बरी होऊन उठायची. चेहराच वेगळा दिसायचा.

चार वर्षांपूर्वीची दिवाळी. पुण्यातल्या पहिल्या नोकरीचं पहिलं वर्ष संपत आलं होतं. खिशात थोडे पैसे होते आणि डोक्यात भरपूर खात्री. आईला आणायला दवाखान्यात गेलो. ती झोपली होती, मला करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून बाटलीवरचं लेबल वाचलं. डेक्स्ट्रोज ५ टक्के, मीठ ०.९ टक्के, एकूण ५०० मिलि. म्हणजे २५ ग्रॅम साखर आणि साडेचार ग्रॅम मीठ. पाच चमचे साखर, पाऊण चमचा मीठ. लिंबू पिळलं असतं तर सरबत झालं असतं.

सलाईन म्हणजे थोतांड, असं मला म्हणायचं नाही. उलट्या-जुलाबांनी माणूस कोरडा पडला, तोंडाने काही पोटात ठरत नसेल, तर हीच बाटली जीव वाचवते. पण ज्याला पिता येतं त्याला पाजलेलं पाणीही तेच काम करतं, हे १९७१ मध्ये सिद्ध झालं. बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावण्यांत आले, कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं पाणी पाजायला सुरुवात केली. शंभरात तीसच्या आसपास माणसं मरत होती, ते प्रमाण चारच्या खाली आलं. आई तर ऑटोत बसून, काकूंशी गप्पा मारत आली होती. वाटेत चहाही प्यायली होती.

मी तिला नांदेडला नेलं. डॉक्टर लेनमध्ये पोटाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला, दुर्बीण झाली. आईला ती नळी गिळताना फार त्रास झाला. रिपोर्टमध्ये अन्ननलिका, जठर, लहान आतड्याची सुरुवात, सगळ्यांपुढे एकच शब्द होता: नॉर्मल. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, तिखट कमी करा, वेळेवर जेवा म्हणाले. ‘तुला काही नाहीये’ हे वाक्य त्यांचं नव्हतं. ते माझं. परतीच्या एसटीत मी ते तिला तीन-चारदा ऐकवलं. वर हेही म्हणालो, की हे सगळं तुझ्या डोक्यात आहे, विचार करणं कमी कर.

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘मंग हे जळजळ करायलंय ते काय हाय?’

मी म्हणालो, ‘काही नाही.’

दुसऱ्या दिवशी मी बाटलीवाल्या डॉक्टरांशी भांडायला गेलो. ते मला लहानपणापासून ओळखतात. मी म्हणालो, तुम्ही आईला फसवता. ते चिडले नाहीत. म्हणाले, ‘मी तिला कधी म्हणलो का रे, की यानं गॅस बरा होईल? मी म्हणतो, थोडा अशक्तपणा हाय, एक लावून टाकू, पडा जरा.’ मला तेव्हा हे अगदी ‘नरो वा कुंजरो वा’ वाटलं. शब्द खोटा नाही, पण समोरच्याने काय समजावं याची सोय बरोबर केलेली. धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ एवढ्यानेच खाली आला होता. आमच्या डॉक्टरांची मोटरसायकल आधीपासूनच जमिनीवर होती.

आईची बाटली बंद झाली. मी जिंकलो.

पुढे काय झालं ते सांगण्याआधी त्या ‘नॉर्मल’बद्दल सांगायला हवं, कारण तो शब्द मला तेव्हा कळलाच नव्हता. आमच्या कामात युजरने तक्रार केली की ती आपल्या मशिनवर घडवून बघायची असते. नाही घडली की तिकिटावर ‘कॅननॉट रिप्रोड्यूस’ लिहून ते बंद करायचं. बंद तिकीट म्हणजे सुटलेला प्रश्न नव्हे, हे टीममध्ये सगळ्यांना माहीत असतं. फक्त डॅशबोर्डवर ते हिरवं दिसतं.

दुर्बिणीला दिसतं ते अस्तर. जखम, सूज, गाठ, रक्त. पोट अन्नासाठी किती सैल होतं, ते किती वेळात पुढे ढकलतं, ताण पडला की तिथल्या नसा मेंदूकडे काय वर्दी पाठवतात, हे कॅमेऱ्याला दिसत नाही. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स रिची नावाच्या डॉक्टरने एक साधा प्रयोग केला होता. मोठ्या आतड्यात फुगा घालून त्यात हळूहळू हवा भरायची. ज्यांना एरवी पोटदुखीचा त्रास होता, पण तपासणीत काही सापडत नव्हतं, त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिक जणांना ज्या फुग्याने दुखलं, त्या फुग्याने निरोगी लोकांपैकी फारच थोड्यांना दुखलं. फुगा तोच, दुखणं वेगळं. म्हणजे ही माणसं बनाव करत नव्हती. त्यांच्या आतड्यांचा आवाजच मोठा लागलेला होता.

आता या दुखण्यांना नाव आहे. २०१६ मध्ये सुधारलेल्या ‘रोम’ निकषांत त्यांना आतडं आणि मेंदू यांच्यातल्या देवाणघेवाणीचे बिघाड म्हटलंय. २०२१ मध्ये ३३ देशांतल्या ७३ हजारांहून जास्त लोकांची पाहणी प्रसिद्ध झाली. दहांतल्या चार जणांना यातलं काही ना काही होतं. तेव्हा ‘डोक्यात आहे’ हे माझं वाक्य अर्धवट बरोबर होतं आणि त्यामुळेच जास्त वाईट होतं. सगळंच दुखणं डोक्यात असतं. ठेचलेल्या अंगठ्याचंही. पण अंगठा ठेचलेल्याला आपण ‘तुला काही नाहीये’ म्हणत नाही.

या विषयावर मी वाचायला लागलो तो थोडा अपराधीपणातून आणि बराचसा आपलंच खरं करायला. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये खोट्याला औषध म्हटलंय, आणि औषध असल्यामुळेच ते फक्त जाणत्यांच्या हाती असावं असंही. कांटने १७९७ मध्ये अगदी उलट लिहिलं: दारात खुनी उभा राहून मित्राचा पत्ता विचारत असेल तरी खोटं बोलायचं नाही. मी अर्थातच कांटच्या बाजूचा. आईसाठी दोघांचाही उपयोग नव्हता. कामाचं काही सापडलं ते बोस्टनच्या दोन प्रयोगांत.

दोन्ही प्रयोग टेड कॅप्चक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे. २००८ चा पोटाच्या २६२ रुग्णांवरचा. एका गटाला नुसतं वेटिंग लिस्टवर ठेवलं. दुसऱ्याला खोट्या सुया, त्वचेत न शिरणाऱ्या, आणि कामापुरतं बोलणं. तिसऱ्यालाही त्याच खोट्या सुया, पण पहिल्या भेटीत ४५ मिनिटं नीट बसून ऐकून घेणं. तीन आठवड्यांनी ‘पुरेसा आराम पडला’ म्हणणारे पहिल्या गटात २८ टक्के, दुसऱ्यात ४४, तिसऱ्यात ६२. दुसरा प्रयोग २०१० चा, ८० रुग्णांवर. त्यांना गोळ्या देताना सरळ सांगितलं, की यात औषध नाही. न लपवता. तरीही गोळी घेणाऱ्यांपैकी ५९ टक्क्यांना आराम पडला, न घेणाऱ्यांपैकी ३५ टक्क्यांना.

हे वाचून मी खूश झालो. म्हणजे खोटं न बोलताही बरं वाटवता येतं! मग लक्षात आलं, की यातली महाग वस्तू गोळी किंवा सुई नाही, ती ४५ मिनिटं आहेत. सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत सकाळी उभं राहून बघा, कुणाला किती मिनिटं मिळतात ते.

हळदीच्या गावचा म्हणून एक गोष्ट मध्येच सांगतो. २०२३ मध्ये थायलंडमधला एक अभ्यास आमच्या गावच्या ग्रुपवर फिरला. अशाच पोटदुखीच्या २०६ रुग्णांमध्ये हळदीतलं कर्क्युमिन आणि ॲसिडिटीची नेहमीची ओमेप्राझोल गोळी सारखीच उपयोगी ठरली. वसमतच्या हळदीला जीआय मानांकन मिळालं तेव्हा तर तो पुन्हा फिरला. काकांनी लिहिलं, ‘आपली हळद जगात भारी.’ मी अभ्यास उघडून बघितला. एका गटाला कर्क्युमिन, एकाला ओमेप्राझोल, एकाला दोन्ही. नुसती औषधाविना गोळी घेणारा गटच नव्हता. दोन्ही औषधं सारखी चांगली निघाली, की दोन्ही नुसत्या गोळीइतकीच निघाली, हे त्यातून कसं कळणार? ग्रुपवर काही लिहिलं नाही. तोवर मी थोडा शहाणा झालो होतो.

शहाणा झालो त्याचं कारण गेल्या वर्षीची हळदकाढणी. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्याकडे घर आणि शेत वेगळं राहत नाही. कंद उपटायचे, माती झाडून मोडायचे, कुकरमध्ये शिजवायचे, पटांगणात पसरायचे, वाळेपर्यंत रोज हलवायचे. उकिडवं बसून करायची बहुतेक कामं बायकांची. आईचे गुडघे धरले होते. त्यासाठी ती मेडिकलमधून गोळ्या आणायची. चिठ्ठी लागत नाही, ‘गुडघ्याची द्या’ म्हटलं की मिळतात. एक सकाळी, एक संध्याकाळी, कधी उपाशीपोटी. एका दुपारी हळद पसरता पसरता ती खाली बसली ती उठेना. हिमोग्लोबिन ६.२. शौचाला डांबरासारखं काळं होत होतं, आठवडाभर.

पुन्हा दुर्बीण. या वेळी ‘नॉर्मल’ नव्हतं. जठराच्या तोंडाशी व्रण, त्यातून रक्त झिरपत होतं. कारणं दोन: वेदनाशामक गोळ्या, आणि पोटातला हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा जंतू. हा आपल्याकडे असंख्य लोकांच्या पोटात निमूट राहतो, पण अशा गोळ्या जोडीला आल्या की धोका वाढतो. या जंतूचीही गंमत आहे. अल्सर टेन्शनने आणि तिखटाने होतो, हेच डॉक्टर कित्येक दशकं सांगत होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी जंतू दाखवला, तर कुणी मानेना. १९८४ मध्ये मार्शल स्वतः तो जंतू पिऊन आजारी पडले. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. त्या आधीच्या वर्षांत स्वभाव बदला, काळजी सोडा, असं ऐकत किती माणसं पोटाची ऑपरेशनं करून घेत राहिली असतील. त्यांचंही ‘डोक्यात’च होतं.

पहिली दुर्बीण चुकली होती असं नाही. व्रण नंतरचा होता. दोन पिशव्या रक्त चढलं आणि आई जरा बोलायला लागली, तेव्हा मी विचारलं, ‘एवढं होत होतं तर सांगितलं का नाहीस?’

‘तूच म्हणला होतास ना,’ ती म्हणाली, ‘काही न्हाई म्हणून.’

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिने माझं ऐकलं होतं, एवढंच.

ज्याचं पोट दुखेल तो ओवा मागेल, अशी म्हण आहे. दुखत असेल तर माणूस मागतोच, हे त्यात धरून चाललंय. पण मागण्यासाठी आधी कुणीतरी मान्य करावं लागतं की दुखतंय. मी आईची बाटली बंद केली असं मला वाटत होतं. बंद झालं होतं ते सांगणं. बाटलीवाल्या डॉक्टरांकडे ती जात राहिली असती तर दर महिन्याला कुणीतरी तिची पापणी खाली ओढून बघितली असती. पांढरी दिसली असती.

आता लगेच त्या डॉक्टरांना देवमाणूस करायचंही कारण नाही. गुडघ्यासाठी गेली असती तर त्यांनी वेदनाशामक इंजेक्शनच दिलं असतं, हे मी पैजेवर सांगतो. विनाकारण शिरेत टोचलेल्या सुईतून जंतू जाऊ शकतो, एका बाटलीत दिवसाची मजुरी जाते, आणि ‘गॅस आहे’ म्हणत बाटली लावून घेणाऱ्या एखाद्याच्या छातीतलं भरून येणं हार्ट ॲटॅक असतो. डॉ. अनंत फडके यांच्यासारखे लोक गरज नसलेल्या औषधांविरुद्ध महाराष्ट्रात कित्येक वर्षं लिहितायत ते उगाच नाही. बाटलीविरुद्धचा माझा हिशेब चुकला नव्हता. त्यात एक घटक धरायचा राहिला होता.

तो मला त्याच दवाखान्यात दिसला. आईचे जुने कागद आणायला गेलो होतो. तिन्ही खाटांवर बायका. तिघींच्या हाताला बाटल्या. एक गाढ झोपलेली. दुसरीचं पोर बाहेर रडत होतं आणि तिची सासू त्याला घेऊन उभी होती, आत नेत नव्हती. कारण आतलीला बाटली लावली होती. मी तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. आमच्या घरी आई दिवसा आडवी झालेली मला आठवत नाही. पहाटे पाचला उठते, सगळ्यांच्या मागून जेवते, सगळ्यांच्या मागून झोपते. दुपारी पडली तर आजी विचारते, ‘काय झालं?’ आणि ‘काही नाही’ असं उत्तर असेल तर उठावं लागतं. बाटली लावलेल्या बाईला कुणी उठवत नाही. हात बांधलेला असतो, सुई दिसत असते, थेंब पडत असतात. त्या ५०० मिलिमध्ये मीठ आणि साखरेशिवाय एक तास होता, आणि लेबलवर तो लिहिलेला नव्हता.

मग फसवणूक नेमकी कोणाची होत होती? मला वाटायचं, आईची. आता वाटतं, बाटली आईसाठी कमी आणि बाकीच्यांसाठी जास्त होती. आमच्यासाठी. बाई थकलीय हे सुई बघितल्याशिवाय न मानणाऱ्यांसाठी.

दवाखान्यातून सोडताना नांदेडच्या डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं. चौदा दिवसांचा जंतूचा कोर्स, गुडघ्याच्या त्या गोळ्या बंद, काही आठवड्यांनी पुन्हा दुर्बीण. बस, इतकंच. घरी आल्यावर अंगणात आजी, अण्णा, काकू, सगळे जमले. काय म्हणाले डॉक्टर, असं आजीने विचारलं. मी सगळं सांगितलं, आणि त्याच दमात म्हणालो, ‘रोज दुपारी तीन ते चार आडवं पडायला सांगितलंय. अजिबात उठायचं नाही. नाहीतर जखम परत उघडते म्हणाले.’

हे कुणी सांगितलं नव्हतं. तीन ते चार ही वेळ मात्र मी विचार करून ठरवली होती; जेवल्या जेवल्या पडलं की जळजळ वाढते.

कांटच्या पक्षातून मी त्या अंगणात बाहेर पडलो. समर्थन करता येईल: माझ्या खोट्याला सुई नाही, पैसे नाहीत, धोका नाही. पण ते बाटलीसारखंच आहे. डॉक्टरच्या नावाशिवाय आजी आणि अण्णा आईला तो तास देतील का, हे मी विचारलंच नाही. विचारलं असतं तर कदाचित दिलाही असता. त्यांना ती संधीच मी दिली नाही, कारण ‘नाही’ ऐकायची माझी तयारी नव्हती.

व्रण भरला. दुसऱ्या दुर्बिणीत दिसलं. जुनी जळजळ अजून आहे, कधी कमी, कधी जास्त. फोनवर ती सांगते आणि मी नक्की कुठे, कधी, काय खाल्ल्यावर ते विचारतो. दुपारी तीनला कुणी आलं तर आजी दारातूनच परत पाठवते. ‘डॉक्टरनं सांगितलंय, उठवायचं न्हाई तिला.’

मागच्या रविवारी आईने विचारलं, ‘त्या डॉक्टरनं खरंच सांगितलं होतं का रे, पडायचं? मला तर काही बोलले न्हाईत.’

‘मला बाहेर बोलावून सांगितलं,’ मी म्हणालो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मागे कुठेतरी पॉलिशचा ड्रम फिरत होता.

‘किती दिवस पडायचं म्हणले?’

‘पुढच्या वेळी विचारतो,’ मी म्हणालो.